ठेचलेलं आलं

शेजारच्या सुमनताई नवऱ्याच्या काढ्यासाठी आलं ठेचतात, तेव्हा आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलतं.

"किसत का नाही?" मी एकदा विचारलं होतं.

"किसलं की नुसता वास येतो. ठेचलं की गुण उतरतो."

काल संध्याकाळी त्याच भिंतीतून त्यांच्या नवऱ्याच्या हाताचे आवाज आले, आणि मी टीव्ही मोठा केला. सकाळी जिन्यात सुमनताईंचा सुजलेला गाल टाळून मी विचारलं, "खोकला कसाय त्यांचा?"

"छाती मोकळी झाली. अंगात जोर आलाय."

खाल्लेला मार कुठेतरी उतरत असणारच. त्यांचा खलातल्या आल्यावर उतरतो. आत्ता टीव्ही चालू असतानाही घाव पडत होते, कॅलेंडर हलत होतं. मग एकदम सगळं थांबलं. बत्ता खाली ठेवल्याचा आवाज मात्र आला नाही.

मी टीव्ही बंद केला.