तुळजाची काठवट

कोंडीराम सुताराच्या अंगणात माणसं जमायला हलगी वाजवावी लागत नसे. त्यानं ओंडका पुढं ओढला, धोतराचा काचा मारला आणि वाकस हातात घेऊन पहिला घाव घातला की जाणारा-येणारा आपोआप थबकायचा. लाकडात आधी नुसता खळगा पडे. मग त्या खळग्याची वाटी होई, वाटी रुंदावत जाई, आणि शेवटी गोल पटाशीनं आतली पाठ घोटून घोटून अशी गुळगुळीत होई की बघणाऱ्या बायका तिच्यावरून तळवा फिरवल्याशिवाय उठत नसत. भाकरी थापावी तर कोंडीरामाच्या काठवटीत, असं येरमाळ्यापासून भूमच्या बाजारापर्यंत म्हणत.

त्या घरची एक रीत होती. लेक सासरी निघाली की बापानं स्वतःच्या हातानं कोरलेली काठवट तिच्याबरोबर जायची. कोंडीरामाच्या सगळ्या बहिणी अशाच गेल्या होत्या. त्याची एकुलती लेक तुळजा हिच्यासाठी बांधावरच्या आंब्याचा बुंधा त्यानं राखून ठेवला होता. बहात्तर साली तो त्यानं कोरायला घेतला, निम्मा कोरलाही. पण पाऊस आलाच नाही. नांगर-कुळव कुणी करून घेईना, तेव्हा कोंडीराम सहकारी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लाकडी साचे करायला गेला.

ओलं लाकूड अर्धं कोरून उन्हात सोडलं की तडकतं. म्हणून जाताना त्यानं ते ओल्या पोत्यात गुंडाळलं आणि बायकोला, मथुराबाईला बजावलं, "पोतं वाळू दिऊ नको. आठ-पंधरा दिसात यिऊन उरकतो."

पण वर्कशॉपमध्ये कोंडीरामाला नवंच वेड लागलं. जन्मभर तो ज्याला खाच, खोबण, खळगा म्हणत आला, त्या प्रत्येकाला तिथं इंग्रजी नाव होतं. लांबट खाचेला ग्रूव्ह. आरपार चिरेला स्लॉट. आत घेतलेल्या जागेला रिसेस. पोकळीला कॅव्हिटी. आणि काठवटीसारख्या आत वळलेल्या पाठीला कॉन्केव्ह. फोरमन म्हणाला होता, ज्याला ही नावं तोंडपाठ येतील आणि नकाशा वाचता येईल, तो पर्मनंट होईल. नोकरी तर हवीच होती. पण खरं सांगायचं तर नोकरीपेक्षा ते शब्दच त्याला गोड लागले. तमाखू दाढेला धरावी तसे तो ते दिवसभर घोळवत राही. सुट्टीतही गावाकडं न जाता फोरमनच्या मागं मागं हिंडे.

चैत्रात येडाईच्या यात्रेला एक दिवस घरी आला. गावात टँकर येत होता आणि घागरीसाठी बायका झोंबत होत्या. तरी पोतं ओलंच होतं.

"भांडी विसळल्यालं पाणी घालते म्या ह्याला," मथुराबाई म्हणाली. "पोरीच्या डोईला पाणी न्हाय, पर तुमच्या लाकडाला रोज आंघूळ!"

कोंडीरामानं पोतं सारलं, खळग्यावरून हात फिरवला. "तुला ठावं हाय का, ह्याला कॉन्केव्ह म्हणत्यात."

"म्हणू द्या. भाकरी कवा थापायची त्यात?"

"अगं, दोन दिसाचं तर काम हाय. लगनाच्या आदी आठ दिस येतो का न्हाय बघ."

लग्न वैशाखात, भूमचं स्थळ. कोंडीरामाची पर्मनंट होण्याची परीक्षा मात्र पुढं पुढं ढकलली गेली आणि तो तिथंच थांबला. हळदीच्या आदल्या दिवशी येश्टीतून उतरला तो हसतच. उंबऱ्यातूनच ओरडला, "पर्मनंट झालो गं! सगळे शब्द बरोबर आले. एकबी चुकला न्हाय!"

मथुराबाईनं कोपऱ्यातलं पोतं उचललं. ते वाळून कडक झालं होतं. काठापासून तळापर्यंत लाकडाला बोट जाईल एवढी भेग पडली होती.

"टँकर आला न्हाय चार दिस," ती हळूच म्हणाली. "पावण्यास्नी पाणी नको का? परवा दुपारी आवाज झाला. मला वाटलं, आढं मोडलं."

कोंडीराम खाली बसला. त्यानं भेगेत बोट घालून पाहिलं.

तुळजा आतून आली. भेग तिनं आधीच पाहिली होती. "अप्पा, हाय तशी द्या मला."

"सुताराची पोर फुटकी काठवट घिऊन जाती व्हय? भूमची माणसं तोंडात श्याण घालतील माझ्या!"

आणि त्याच रागात, लेक नको नको म्हणत असताना, त्यानं कुऱ्हाडीनं ती काठवट फोडली. हळदीचं पाणी तिच्याच ढलप्यांवर तापलं. तुळजाबरोबर बाजारातली जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, परात गेली.

पुढं कारखान्यात कोंडीरामाला मान मिळाला. घरी काठवट मात्र त्यानं पुन्हा कोरली नाही. कुणी मागायला आलं तर म्हणे, आता हात बसत नाही.

बऱ्याच वर्षांनी, ऐंशीच्या पुढं कधीतरी, तो भूमला लेकीकडं गेला. तुळजा चुलीपुढं भाकरी थापत होती. हलकी परात दर थापेला फरशीवर खणखणत सरकायची आणि ती पायाच्या अंगठ्यानं ती अडवून धरायची. कोंडीराम भिंतीला टेकून ऐकत होता. काठवट जड असते, जागची हलत नाही.

"नवी करून आणू का गं?" त्यानं विचारलं.

"आता कशाला, अप्पा? सवय झाली ह्याची." तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. मग मागं न वळता म्हणाली, "तीच दिली असती तर लई झालं असतं. भेग असली म्हणून काय? थापल्याल्या भाकरी ठिवल्या असत्या म्या तिच्यात."

तिनं पुढचा गोळा घेतला. कोंडीराम सरकत चुलीजवळ आला आणि दोन्ही हातांनी परातीचा काठ घट्ट धरून बसला.

"सोडा अप्पा, पीठ लागंल हाताला."

"थाप तू," तो म्हणाला.