चार सुतांचा पाना

राज्याची विभागणी झाली त्या वर्षांत गॅरेजचं शटर पूर्ण वर करायची आमची सवयच गेली. आज बंद, उद्या मोर्चा, परवा नुसतीच अफवा. म्हणून शटर कमरेपर्यंत उचलून ठेवायचं आणि वाकून आत-बाहेर करायचं, म्हणजे वेळ आली की एका हिसक्यात खाली ओढता येतं. माझं कमरेचं दुखणं त्याच वर्षांतलं. विभागणी होऊन गेली, मिरवणुका संपल्या, तरी शटर बरेच दिवस तसंच अर्धं राहिलं.

गॅरेज अफझलगंजच्या मागच्या एका गल्लीत. इंजिनाचं काम माझ्या नवऱ्याचं. बाकी सगळं माझ्याकडे: सुटे भाग मागवणं, बिलं, फोन, चहा, रोज सकाळी फळ्यावर दिवसाची कामं लिहिणं आणि संध्याकाळी उरलेली दुसऱ्या दिवसावर ढकलणं. शेडच्या निम्म्या भागात डेंटिंगवाले मियाँ बसायचे. ते आणि माझा नवरा एकाच वयाचे. एकमेकांना टोमणे मारत दोघांचे केस पांढरे झाले.

आमचं घराणं मूळ बिदरकडचं, शेतीतलं. सासरे शहरात येऊन एका जहागीरदाराच्या मोटारखान्यात लागले आणि तिथल्या अमेरिकन गाड्यांवर हात बसवून बसले. जहागिरी गेल्या, गाड्या विकल्या गेल्या, सासऱ्यांकडे इंचाचे पाने तेवढे राहिले. अमेरिकन जुन्या गाडीला इंचाचा पाना लागतो. बाकी आपल्या, जपानी, कोरियन सगळ्या गाड्या मिलिमीटरवर चालतात. म्हणून आमच्याकडे पान्यांच्या दोन फळ्या होत्या: डावीकडे इंचाची, उजवीकडे मिलिमीटरची. इंचाच्या पान्यांना लाल टेप. गल्लीत अर्ध्या इंचाला कुणी अर्धा इंच म्हणत नाही, चार सूत म्हणतात.

डावी फळी शेवटी एकाच गिऱ्हाइकासाठी उरली होती. कोठी भागात दवाखाना असलेले एक डॉक्टर. मूळचे विजयवाड्याकडच्या कृष्णाकाठचे, पण अर्धं आयुष्य इथे काढलेले. त्यांच्याकडे दोन अमेरिकन स्पोर्ट्स गाड्या होत्या. एक साठच्या दशकातली, लांब नाकाची, दोन दारांची, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली. दुसरी नवी, परदेशातून मागवलेली. नवीचं दुखणं ठरलेलं: पोट जमिनीला टेकलेलं, त्यामुळे शहरातल्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर खालचं कव्हर फाटायचं, आणि फारशी चालवत नसल्यामुळे बॅटरी उतरायची. तिला मिलिमीटरचेच पाने लागत आणि आधी कॉम्प्युटर लावून तिला विचारावं लागे, बाई, काय होतंय. जुनी वेगळी. तिचे पेट्रोलचे रबरी पाइप हल्लीच्या पेट्रोलने खाल्ले जात, उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये ती तापून मध्येच बंद पडे. तिच्यापुढे माझा नवरा बॉनेट उघडून नुसता उभा राहायचा आणि ऐकायचा. तेवढा वेळ त्याला चहा दिलेलाही आवडत नसे.

डॉक्टरांनी विजयवाड्याला, म्हणजे आता दुसऱ्या राज्यात, जायचं ठरवलं. मुलगा तिकडे हॉस्पिटल काढत होता. गाड्या तिकडे न्यायची आरटीओची एनओसी झाली, नव्या घरामागे शेड बांधून झाली. मग एक दिवस ते वाकून शटरखालून आत आले, स्टुलावर बसले आणि तेलुगू अदबीने म्हणाले, "मेस्त्रीगारू, गाड्या तिकडे येतील. तुम्ही नाही आलात तर जुनीला हात कोण लावणार?" शेडला लागून खोली होती, पगार होता. जुनी गाडी स्वतःच्या चाकांवर तिथे पोचवायची आणि तिच्याबरोबर तिथेच राहायचं, असा त्यांचा बेत.

नवरा हो म्हणाला. मला विचारलं नाही. रात्री जेवताना म्हणाला, "इथे मी आता काय करतो? कॉम्प्युटर सांगतो, मी पार्ट बदलतो." ते खरं होतं. मनात न्यायच्या, विकायच्या, ठेवायच्या वस्तूंची यादी सुरू झाली आणि ती करताना इतका थकवा आला की ताट तसंच सरकवून ठेवलं. मुलीची नोकरी इथे, माझी आई नारायणगुड्याला एकटी. नव्या गावात पहिल्यापासून किराणावाला, गॅसवाला, डॉक्टर शोधायचा. ते सगळं माझ्याच फळ्यावर लिहिलं जाणार होतं. पण या माणसाला ती गाडी सोडून राहा म्हणणं मला जमलं नसतं.

निघायच्या आधी खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी दोन्ही फळ्या रिकाम्या होतात. एकूण एक पाना रॉकेलमध्ये धुवायचा, पांढऱ्या चादरीवर मांडायचा, हळदकुंकू, झेंडू, नारळ. दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. रॉकेलमध्ये टेप सुटतात, त्यामुळे उचलताना इंच आणि मिलिमीटर एकमेकांत मिसळलेले असतात. अंक बरेचसे झिजलेले. दरवर्षी नवरा चादरीपुढे मांडी घालून बसायचा, एकेक पाना तळहातावर तोलायचा, पान्याच्या तोंडात बोट घालून इंचाचा की मिलिमीटरचा ते सांगायचा आणि टेप गुंडाळायचा. वर बघायचासुद्धा नाही. आमच्या घरात हाच दसऱ्याचा खेळ होता. बाहेर गल्लीत पोरं जम्मीची, म्हणजे शमीची, पानं वाटत फिरायची आणि आत हे चाललेलं.

त्या वर्षी मी म्हटलं, मी चष्मा लावून बसते, व्हर्नियरने मोजून देते, लवकर आटपेल.

"चष्मा लावून पाने ओळखायचे दिवस आले का?" तो म्हणाला, आणि मियाँकडे बघून हसला.

दुसऱ्या दिवशी जुन्या गाडीचं शेवटचं काम होतं. वाटेत तापू नये म्हणून थर्मोस्टॅटवरचं झाकण काढून खालचं पॅकिंग बदलायचं. झाकणाला दोन बोल्ट, चार सुतांचे, गंजून बसलेले. त्याने डाव्या फळीवरून पाना घेतला, बोल्टवर चढवला आणि जोर दिला. पाना घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा बोल्टचे कोपरेच गेले, गोल झाला. मग ठोकून, तापवून, पकडीने फिरवायला गेला तर मान तुटली आणि निम्मा बोल्ट आतच राहिला.

त्याने पाना उजेडाकडे धरला. लाल टेप होता. नंतर खिशातून व्हर्नियर काढून लावला. तेरा मिलिमीटरचा होता. चार सुतांपेक्षा केसभर मोठा. नव्या बोल्टवर एखाद्या वेळी चालून गेला असता, गंजलेल्यावर नाही.

मियाँ उठून आले, बोल्टकडे पाहिलं, पान्याकडे पाहिलं. म्हणाले, "क्या मास्टर, पानों का बी बटवारा हुआ क्या? इधर का उधर चला गया."

नवरा हसला, पण हातातला पाना खाली ठेवायचं विसरला.

पुढचं काम मियाँनी आणि शेजारच्या लेथवाल्याने केलं. तुटलेल्या बोल्टमध्ये बरोबर मध्यावर भोक पाडणं, तो उलटा फिरवून काढणं, नवे आटे पाडणं. नवरा बाजूला उभा राहून टॉर्च धरत होता. त्याला मी कधी कुणासाठी उजेड धरताना पाहिलं नव्हतं. दुपार गेली, पण गाडी सुरू झाली आणि कुठून पाणी गळलं नाही.

संध्याकाळी मी उरलेली कामं फळ्यावर लिहीत होते. तो बाकावर बसला होता.

"हाताला कळलं नाही," तो म्हणाला.

मी म्हटलं, दसऱ्याला उजेड कमी असेल.

"उजेड होता. मी बघत कधी होतो? हाताला कळलं नाही." मग म्हणाला, "तिथे मियाँ नाहीत, लेथवाला नाही. परक्याच्या दारात बोल्ट तुटला तर हाक कुणाला मारू?"

मी खडू खाली ठेवला. जाऊ नका, हे मी इतके दिवस म्हटलं नव्हतं, आताही म्हणायची गरज राहिली नव्हती. मला सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. नुसतं बसावंसं वाटलं, म्हणून त्याच्या शेजारी बसले.

डॉक्टरांना त्याने स्वतः फोन केला. ते बराच वेळ समजूत घालत होते, हा नुसता "नाही सर, नाही सर" म्हणत होता. शेवटी एवढंच ठरलं की गाडी ट्रकवर चढवून न्यायची, आणि तिथल्या एखाद्या जाणत्या मेकॅनिकसाठी इंचाचे पाने डिकीत ठेवून द्यायचे. सासऱ्यांचे पाने. मी ऐकून चमकले. तो म्हणाला, "गाडी तिकडे, आणि पाने इकडे ठेवून काय करू? दसऱ्याला मांडायला?"

ट्रक यायच्या आदल्या दिवशी त्याने डावी फळी रिकामी केली, चादर पसरली आणि व्हर्नियर माझ्या हातात दिला.

"चष्मा लाव. मोजून सांग."

मी एकेक मोजून माप सांगत गेले, तो टेप गुंडाळत गेला. आणखी दोन चुकीचे निघाले. तेराचा पाना त्याने टेप सोलून उजव्या फळीवर लटकवला.

ट्रक गेला तेव्हा शटर पूर्ण वर होतं, गाडी बाहेर काढायला करावंच लागलं. आत एक छोटी कोरियन गाडी थांबली होती, दवाखान्यातल्या नर्सबाईंची. नवऱ्याने बॉनेट उघडलं, डोकं आत घातलं आणि न बघता हात मागे केला.

"दहाचा दे."

मी अंक बघून दिला. त्यानेही अंक बघून घेतला.