हिगासासानांची ओकायामाची तिकिटं

पंपाचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या आमच्या तोक्योतल्या कंपनीत मी तेवीस वर्षं प्रवासखर्चाचे फॉर्म तपासतेय. शिनकान्सेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, भाड्यात मला कुणी फसवून दाखवावं, असा माझा तोरा होता. नवीन पोरं भाडं म्हणून एकच आकडा लिहायची. मी फॉर्म परत फेकायचे. "अरे बाबा, भाडी दोन असतात. एक अंतराचं, एक वेगाचं. अंतराचं कुठल्याही गाडीला तेवढंच. वेगाचं मात्र गाडी बघून, जागा राखीव की बिनराखीव ते बघून, दिवस गर्दीचे की रिकामे तेही बघून. लांबचा पल्ला जाऊन-येऊन असेल तर अंतराच्या भाड्यात दहा टक्के सूट. लिही पुन्हा!" पोरं मला माझ्या माघारी तिकीटआजी म्हणायची. म्हणोत बापडी.

एकाच माणसाच्या फॉर्मवर मी डोळे झाकून सही करायचे. हिगासासान. ओकायामाहून बदली होऊन एकटेच आलेले, कंपनीच्या वसतिगृहात एका खोलीत राहणारे. बायको तिकडंच, गावच्या घरी. निवृत्तीला दहा महिने उरले होते. अशा एकट्यांना महिन्यातून एकदा घरी जाऊन यायचं भाडं कंपनी देते. तिकिटं जोडायची अट नाही, गाडीचा नंबर लिहिला की झालं. हिगासासान शुक्रवारी दुपारीच फॉर्म भरून द्यायचे. संध्याकाळच्या नोझोमीनं, म्हणजे सगळ्यांत वेगाच्या गाडीनं, जाणं, रविवारी संध्याकाळच्या नोझोमीनं येणं. गर्दीच्या दिवसांत दोनशे येन जास्त, रिकाम्या दिवसांत दोनशे कमी, परतीची सूट वजा. एका येनची चूक नाही. सोमवारी मग ओकायामाच्या मिठाईचा, किबीदांगोचा डबा टेबलाटेबलावर फिरायचा. "घ्या मोगीसान, दोन घ्या. बायकोनं आठवणीनं दिलेत."

सप्टेंबरात वादळ आलं. रविवारी रात्रभर पावसानं गाड्या वाटेत शिझुओकाकडं अडकून पडल्या. सोमवारी सकाळी नऊला मी ऑफिसात शिरले ती तरातरा हिगासासानांच्या टेबलाशी. ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले.

"हिगासासान, वेगाचं तिकीट काढा बघू! गाडीला दोन तासांच्या वर उशीर झाला की वेगाचं भाडं पूर्ण परत मिळतं. सात हजार येन आहेत, फुकट नाही सोडायचे!"

मी हे मोठ्यानं म्हणाले. सगळ्यांना कळावं, मोगीला काय काय माहीत असतं, म्हणून. आग लागो माझ्या तोंडाला.

पलीकडून आमचे विभागप्रमुख कुरामोचीसाहेब फोनमध्ये बघत म्हणाले, "पण त्यांच्या फॉर्मवरची ती कालची गाडी अजून तोक्योला आलीच नाही की. आत्ता कुठं शिन-योकोहामा सोडलंय म्हणे."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. सगळ्यांचीच पेटली. हिगासासान उठले, खुर्ची नीट आत सरकवली आणि कमरेत वाकून उभे राहिले. किती वेळ वाकून उभे होते! कुणीतरी त्यांना सरळ करा हो, असं मला झालं.

त्याच दुपारी त्यांनी कबूल केलं, आपण नोझोमीनं जात नव्हतो. सहा वर्षांचं भाडं, चोवीस लाख येनच्या आसपास, दुसऱ्या दिवशी बँकेतून आणून भरलं. एक येन खर्चलेला नव्हता. चौकशी समितीची तारीख पुढच्या सोमवारची पडली. कुरामोचीसाहेब तसे भले. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मोगीसान, हा माणूस बसनं किंवा साध्या गाडीनं का होईना, घरी जात होता ना? मग फॉर्म चुकीचा भरला, एवढंच. ताकीद देऊ, विषय संपेल. पण गेलाच नसेल, तर खोटी बिलं झाली. नोकरी जाईल, अठ्ठावीस वर्षांची निवृत्तीची रक्कमही जाईल. त्यांना म्हणावं, बायकोच्या दोन ओळी आणा, नवरा घरी येत होता म्हणून. बाकीचं मी बघतो."

मी हिगासासानांना सांगितलं. ते नुसतं "हो, हो" म्हणाले. बुधवार गेला, गुरुवार आला, पत्राचा पत्ता नाही. शेवटी मीच त्यांच्या घरचा नंबर शोधून ओकायामाला फोन लावला. फुसाए नाव बायकोचं.

"कंपनीतून?" ती म्हणाली. "गेले का ते?"

"अहो नाही, नाही! ठणठणीत आहेत. फक्त एक पत्र हवं होतं, ते दर महिन्याला घरी यायचे म्हणून."

"सहा वर्षांत त्यांनी उंबरा ओलांडला नाही."

म्हणजे सोमवारचा तो किबीदांगोचा डबा इथल्याच कुठल्या दुकानातला! मग तीच बोलत सुटली, कधीचं साठवून ठेवल्यासारखी. "त्यांच्या आईचं हगणंमुतणं नऊ वर्षं मी काढलं. हे शुक्रवारी पाहुण्यासारखे यायचे, जेवायचे, आई कशी आहे विचारायचे, रविवारी चालले. म्हातारी गेली त्या दिवशी मी सांगून टाकलं, आता इथं तुमचं काही काम नाही, उगाच तिकिटाचे पैसे वाया घालवू नका."

मी नोकरीचं सांगितलं, निवृत्तीच्या रकमेचं सांगितलं.

"किती आहे?" तिनं विचारलं. मी आकडा सांगितला. बराच वेळ नळाचं पाणी वाहिल्याचा आवाज येत राहिला. "पाठवते," ती म्हणाली.

शनिवारी पत्र आलं. सोमवारी समितीच्या अर्धा तास आधी मी ते जिन्यात हिगासासानांच्या हातात ठेवलं. माझा जीव भांड्यात पडला होता. पाकीट उघडंच होतं, मी वाचलेलं होतं. माझे पती दर महिन्याला घरी येत, मी त्यांच्या आवडीचं माशाचं कालवण करून वाढत असे, रविवारी स्टेशनवर सोडायला जात असे, असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं.

त्यांनी दोनदा वाचलं. "स्टेशनवर ती कधीच आली नाही," ते म्हणाले.

"नसेल आली! तुम्हाला काय करायचंय? आत जा आणि टेबलावर ठेवा."

"हे नाही देता येणार मोगीसान."

मी भडकलेच. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? सहा वर्षं खोट्या गाड्या लिहिल्यात, तेव्हा हात नाही थरथरला. आता एका कागदाला सोवळं सुचतंय?"

"त्या गाड्या मी लिहायचो," ते म्हणाले, "तेव्हा शुक्रवारी तेवढ्यापुरतं तरी वाटायचं, निघायचंय. वेळापत्रक बघायचो, जागा खिडकीची घ्यावी का बघायचो. दुपारभर घर असायचं मला. तेवढ्याचसाठी लिहीत होतो. पण हे तिनं पैशांसाठी लिहिलंय. हे मी दिलं ना, तर ते कालवणही नुसतं खोटं बिल ठरलं कायमचं. खिशात राहिलं, तर निदान माझ्यासाठी केल्यासारखं वाटेल."

पत्राची घडी घालून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि आत गेले. कुरामोचीसाहेबांनी तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं. हिगासासान तिन्ही वेळा म्हणाले, "मी गेलो नाही. कुठल्याच गाडीनं नाही." दहा मिनिटांत सगळं आटपलं. नोकरी गेली, रक्कम गेली, खोली आठवडाभरात रिकामी करायची.

शुक्रवारी फुसाएचा फोन आला. "पत्र पोचलं नाही का? काही कळवलं नाहीत."

"पोचलं. त्यांनी दिलं नाही."

मी सगळं सांगितलं, कालवणाचंही. मग ती रडायला लागली, रागानं, दात खाऊन. "मी एकदा नको म्हटलं. एकदाच! सासू समोर मरून पडलेली, तेव्हा बाईच्या तोंडून काय निघणार? माणसानं दुसऱ्यांदा विचारू नये का हो? सहा वर्षांत एकदाही?" नाक ओढून ती म्हणाली, "त्यांना सांगा, या म्हणून. नोझोमीनं नको, ती महाग पडते. पण या म्हणावं."

कंपनीचा फोन त्यांनी जमा केला होता. मी तशीच उठून वसतिगृहात गेले. रखवालदार म्हणाला, हिगासासान सकाळीच किल्ली देऊन गेले, खोली लख्ख पुसून. पुढचा पत्ता म्हणून वहीत त्यांनी ओकायामाचं घर लिहिलं होतं. पिनकोडसकट, नीट.

त्याला आता दोन वर्षं झाली. फुसाए महिन्यातून एकदा मला फोन करून विचारते, काही कळलं का. ते अजून तिथं पोचलेले नाहीत.