ताणावर सोडलेला कुत्रा

सौंसरच्या त्या घरी पिल्लू बघायला येणाऱ्यांना खुर्ची देत नाहीत. खाली सतरंजीवर बसायचं, आणि तेही पिल्लांच्या आईशेजारी. घरच्या बाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळं गाव त्यांना सिस्टरच म्हणतं. त्यांच्याकडे लॅब्राडोर जातीची एकच कुत्री, आणि तिला अधूनमधून कधीतरी पिल्लं होतात. तीही येईल त्याला देत नाहीत, अशी त्यांची ख्याती आमच्या पांढुर्ण्यापर्यंत पोचलेली होती. म्हणूनच माझी मुलगी मला तिथे घेऊन गेली.

खरं तर मी गेलोच नसतो. पण नोकरी लागून ती पुन्हा घरी राहायला आली होती आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाले कुत्र्यातलं समजते. चला न." मला कुत्र्यातलं किती समजतं, हे तिला माहीत नव्हतं.

"खेळासाठी पाहिजे का सोबतीले?" सिस्टरनं विचारलं.

"दोन्हीले," मुलगी म्हणाली. "उड्या, बोगदा, खांबांमधून पळणं, सगळं शिकवीन. नागपूरच्या स्पर्धेत उतरवीन. पण राहील घरातच, माझ्या खोलीत."

"मंग ठीक. खेळ घडीभराचा असते, बाकीचा दिवस लय मोठा असते."

मग सिस्टरनं काही न सांगता हातातली स्टीलची ताटली फरशीवर टाकली. पिल्लं सैरावैरा झाली. दोन आईच्या पोटाशी शिरली, एक माझ्या पायजम्यामागे दडलं. एक काळं पिल्लू मात्र दारापर्यंत पळालं, थबकलं आणि परत येऊन ताटली हुंगायला लागलं. सिस्टर म्हणाल्या, "घाबरलं तर घाबरू द्या. घाबरून परत येते का, तेवढं पाहायचं." ते पिल्लू ताटलीवरून चालत मुलीच्या मांडीवर चढलं आणि तिच्या ओढणीचं टोक चावू लागलं. मुलीचा चेहरा मी पाहिला. असाच चेहरा मी एकदा पूर्वी पाहिला होता.

"याच्या आधी कुत्रा होता का घरी?"

"होता. पळून गेला."

"कसा?"

"नागपूरले. बाबा स्पर्धेले घेऊन गेले होते, पट्टा सुटला. माझी परीक्षा होती म्हणून मी गेली नव्हती." ती पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवत होती. "मी असती तर कुठंच नसता गेला. माझ्याचकडे आला असता."

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. मग तिला म्हणाल्या, "राग नको मानू, बाई. ज्या घरातून कुत्रा पळते, त्या घरी मी पिल्लू देत नाही. सुखात असलेला कुत्रा पळत नाही. पळाला तरी परतीची वाट काढते."

मुलीनं ओढणी हळूच सोडवून घेतली आणि पिल्लू खाली ठेवलं.

तो पहिला कुत्राही काळाच होता. नागपूरच्या एका माणसाकडून आणला होता. त्यानं मला काहीच विचारलं नव्हतं, आणि मला ते बरं वाटलं होतं. पिल्लाचा बाप दाखवला, बापानं जिंकलेले कप दाखवले, आई कुठे आहे ते मी विचारलं नाही. संत्र्याच्या लाकडी पेटीत वाळल्या गवताचं तनस घालून त्याला आणलं. मुलगी तेव्हा प्राथमिक शाळेत होती. रेल्वेत ती पेटी तिनं मांडीवरून खाली ठेवली नाही. घरी पोचलो तेव्हा तिच्या फ्रॉकभर तनस होतं आणि पिल्लाला संत्र्यांचा वास येत होता. तो वास त्याला पुढे कायमचा राहिला, कारण तो वाढलाच आमच्या संत्र्याच्या बागेत.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष कोणतं, असं कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. शाळेतून शिकवून आलो की चहा घेऊन आम्ही दोघं बागेत जायचो, कुत्रा पुढे आणि मुलगी माझ्या सायकलच्या दांडीवर. झाडांच्या दोन ओळींमध्ये मी मैदान केलं होतं. फवारणीच्या औषधाचे रिकामे ड्रम नीट धुऊन, बुडं कापून, एकापुढे एक लावून बोगदा केला. एका जाड फांदीला जुनं टायर टांगलं. खोडांमधून वाकडातिकडा पळायला तो आपोआप शिकला. मुलगीच खोडांमधून पळायची आणि तो तिच्या मागे. पडलेली कच्ची संत्री ती फेकायची, तो आणायचा. आंबट रसानं तोंड वाकडं करायचा, तरी पुन्हा आणायचा. शेजारच्या बागेतले लोक बांधावर बसून बघायचे. "गुरुजी, शाळेतल्या पोट्ट्यायपेक्षा हाच चांगला आयकते तुमचं," असं म्हणून हसायचे.

पहिल्या स्पर्धेला आम्ही सगळे गेलो. कुत्रा अर्धी फेरी सुंदर धावला. मग कडेला बसलेली मुलगी दिसली आणि दोरीखालून निघून तो तिच्या मांडीवर जाऊन बसला. लोक खो खो हसले. मीही हसलो. पण परतीच्या गाडीत ते हसणं मला बोचत राहिलं.

बाग माझा मोठा भाऊ सांभाळायचा. त्याला मी हे सांगितलं. तो तेव्हा आंबिया बहारासाठी बाग ताणावर सोडत होता. म्हणजे झाडांचं पाणी तोडायचं. पानं पिवळी पडतात, मलूल होतात, झाड मरायला टेकल्यासारखं दिसतं. मग पाणी दिलं की सगळं झाड फुलानं भरून जातं. आमच्याकडे लहान पोरालाही हे ठाऊक असतं. भाऊ हसत म्हणाला, "तुह्या कुत्र्याले रोज पाणी भेटून राहिलं बे. ताण दे त्याले, मंग पाहाय कसा बहारते."

त्यानं गंमत केली होती. मी तसंच केलं.

कुत्र्याला बागेतल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत ठेवलं. मुलीनं जायचं नाही, बायकोनं जायचं नाही, बागेत येणाऱ्या कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. दिवसातून एकदा मी जायचो, धावायला सोडायचो, धावला की खायला घालायचो आणि पुन्हा कडी. मुलगी रडली. मी म्हणालो, "थोड्या दिवसांचं आहे. बाग नाही का आपण ताणावर सोडत?" तिला ते पटलं. बागायतदाराच्याच घरची ती.

आणि तो बहरलाही. हे सांगायला मला सगळ्यात जड जातं. दार उघडलं की बाण सुटावा तसा धावायचा, नजर माझ्यावरून हलायची नाही. त्या खेपेला आम्ही नागपूरहून कप आणला. गावात सत्कार झाला. भाऊ म्हणाला, "आता तोड ताण. जास्त झाला तर झाड वाळते." मी म्हटलं, अजून एक स्पर्धा.

हळूहळू मी दार उघडलं तरी तो बाहेर येईना. पुढचे पंजे चाटून चाटून लाल झाले होते. बागेत झाडं फुलली होती, सगळीकडे तो गोड वास, आणि तो अंधारात मोटारीला टेकून बसलेला. मी त्याला ओढून बाहेर काढायचो.

पुढच्या स्पर्धेत तो सुरुवातीच्या रेषेवर उभा राहिला, माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसला. मी हाका मारल्या, दरडावलं. तो नुसता बघत होता. ज्यांनी सत्कार केला होता त्यांच्यातलेही काही तिथे आले होते.

मैदानाबाहेर एक ओळखीचा संत्र्यांचा व्यापारी भेटला. त्याचा ट्रक रायपूरकडे निघाला होता आणि तिथल्या गोदामावर त्याला कुत्रा हवा होता. मी फार विचार केला नाही. ट्रकची मागची फळी पाडलेली होती. मी म्हटलं, "चढ." तो एका उडीत चढला. मी म्हटलं, "थांब." तो थांबला. ट्रक वळेपर्यंत तो तसाच बसून माझ्याकडे पाहत होता. उतरायचा हुकूम मी दिला नव्हता.

घरी येऊन सांगितलं, पट्टा सुटला.

सिस्टरच्या सतरंजीवर बसून मी हे सगळं सांगितलं. इतकं नीट नाही सांगितलं, मध्ये मध्ये अडखळलो. पण ट्रकचं सांगितलं. म्हटलं, "तो पळाला नाही. मी थांब म्हटलं होतं, तो थांबला. पोरीचा काही दोष नाही. तिला पिल्लू द्या."

मुलगी उठून ओसरीत गेली.

सिस्टरनं फरशीवरची ताटली उचलून ठेवली. "तुम्हाले तर मी मांजरही देणार नाही, गुरुजी. पिल्लू न्यायचं का नाही, तिचं ती ठरवन. पिल्लं अजून दूध पिऊन राहिली, घाई नाही." मग त्यांनी ते काळं पिल्लू उचललं, ओसरीत नेऊन मुलीच्या हातात दिलं आणि आत येऊन माझ्यासाठी चहा टाकला.

परत येताना गाडी ती चालवत होती. सौंसर मागे पडलं. जामसांवलीच्या वळणावर तिनं गाडी कडेला घेतली. शनिवार होता, दर्शनाला जाणाऱ्यांची गर्दी होती, नारळवाल्यांची ओरड चालली होती. कुत्रा हरवला म्हणून कितीतरी शनिवार ती आईचा हात धरून इथल्या मारुतीच्या रांगेत उभी राहिली होती. त्यांच्याबरोबर मीही असायचो. हात जोडायचो.

"बाबा, तुम्ही तेव्हा काय मागायचे देवाले?"

खोटं सुचत होतं. मी म्हणालो, "तू त्याला विसरून जावंस, हे."

ती रस्त्याकडे पाहत राहिली. "आणि मी मागायची, का मले माफ कर, मी गेली नव्हती त्याच्यासंगं." मग गाडी सुरू केली. "बसा. आई वाट पाहून राहिली असन."

ती बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. पिल्लू मात्र आलं. कुणी काही न सांगता तिनंच नियम घातले. ते घरात झोपेल. त्याला शिकवणार ती एकटी. दोरी माझ्या हातात द्यायची नाही. भाऊ आता थकला, पण त्यानं बागेत पुन्हा टायर टांगून दिलं. संध्याकाळी मुलगी पिल्लाला घेऊन जाते. मागून मीही जातो आणि लांब बांधावर बसतो. बसा म्हणून तिनं सांगितलेलं नाही. जा असंही सांगितलेलं नाही.

परवा पिल्लू टायरमधून निघालं, दोन झाडांना वळसा घालून गेलं आणि ओळ सोडून सरळ माझ्याकडे आलं. माझ्या चपलेवर बसलं.

"बाबा! बोलावू नका न त्याले!"

"मी नाही बोलावलं गं."

खरंच नव्हतं बोलावलं. मी हात मागे घेऊन बसलो होतो. ती ओळीतून चालत आली, कमरेवर हात ठेवून आमच्या दोघांकडे पाहत उभी राहिली. पिल्लाच्या तोंडात कच्चं संत्रं होतं. आंबट लागून तोंड वाकडं झालं होतं, तरी सोडत नव्हतं.

"असे काय बसले?" ती म्हणाली. "आला न तो तुमच्याकडे. हात ठेवा त्याच्यावर."