सायलीचं अर्धं ताट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या वाडीतले नाही, म्हणून असेल.

वरंधच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे, तिथली अंगणवाडी मी चालवते. पोटुशी बाईनं काय खावं, किती खावं, हे सांगणं माझं कामच. आणि सायलीला — माझ्या थोरल्या जावेच्या सुनेला — मी उलटं सांगितलं. चुकून नव्हे.

आधी जावेचं सांगते. तिची दया मला आजही येत नाही. एकत्र होतो तेव्हा चूल तिच्या ताब्यात, आणि माझा नवरा मुंबईला बेकरीत. आधी पुरुष जेवणार, मग पोरं, मग ती. शेवटी मी — टोपाला लागलेला भात आणि कालवणाचं पाणी. मला दिवस गेले तेव्हा तेही कमी केलं. बाईनं पोटभर खाल्लं की पोर मोठं होतं आणि बाळंतपणात अडतं, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगतात. हिला ते सोयीचंच पडलं. नवव्या महिन्यातही डोंगरावरून गवताचे भारे मीच उतरवत होते. मुलगी झाली, ती ओंजळीत मावेल एवढी. जाव सगळ्या बायांदेखत म्हणाली, "ह्यो उंदीर कुठनं आनलास गो?" महिनाभरही जगली नाही माझी पोर.

पुढे वाटण्या झाल्या, मी अंगणवाडीत लागले, आणि पोर कशानं गेली ते तिथल्या शिकवणीत कळलं. कळल्यावर राग निवतो, असं वाटतं तुम्हाला? माझा वाढला.

सायलीला सातवा लागला तेव्हा ती मला विचारायला आली. "काकी, सासू म्हनते कमी खा, नायतर पोर अडंल. खरं हाय काय?"

खरं नाही — एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण जावेचं तोंड डोळ्यांपुढे आलं. होऊ दे तिचाही नातू ओंजळीएवढा, असं मनात म्हटलं मी, अगदी ठरवून.

"सासूचं ऐक गो," मी म्हणाले. "ती काय वाईट सांगंल काय?"

पोरगा दोन किलोही भरला नाही. महाडच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. जाव बाहेर बाकावर रडत होती, मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि मला बरं वाटत होतं. दुसरा शब्द नाही — बरं वाटत होतं.

पण सूड उगवला कुणावर? जाव घरी आली आणि वाडीभर सांगत सुटली, सूनच रोगट, तिचं माहेरच दरिद्री. सायलीनं खाली मान घालून ऐकून घेतलं. पोर वाचलं, पण वर्षाचं झालं तरी आधाराशिवाय बसत नाही. अंगणवाडीत त्याचं वजन मीच करते.

त्याच्या वाढदिवसाला सायली माझ्या पाया पडली. म्हणाली, "काकी, तुमचं ऐकलं म्हनून सुखरूप सुटले."

मी पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.