माझी कॉलर धरणारा मिस्त्री

मावला गावाजवळ तळ्यातला गाळ काढताना माझ्या जुन्या बुलडोझरची चेन ढिली पडली. ती ताणणारा, ग्रीसच्या दाबावर चालणारा सिलिंडर गंजून जाम झाला होता. निर्मलहून एक म्हातारा मिस्त्री आला. दोन दिवस तो गंजावर डिझेल सोडायचा, हातोडीने हलकेच ठोकायचा आणि कान लावून ऐकायचा. मी वैतागलो.

"काका, गॅसनं तापवा ना. लवकर सुटंल."

"आत ग्रीस कोंडून हाये. तापवलं तं फुटंल."

तिसऱ्या दिवशी त्याने पान्याने सिलिंडरमधलं ग्रीस सोडायचा व्हॉल्व्ह जरासा सैल केला. मी बघायला वाकलो, तोच त्याने मागून माझी कॉलर धरून मला ओढलं. माझं तोंड होतं तिथून ग्रीसची पिचकारी सणसणत गेली. आत कट्कन आवाज झाला आणि सिलिंडर सुटला.

त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. एका मुठीत माझी कॉलर तशीच आवळून तो दुसऱ्या हाताने माझा चेहरा चाचपत होता.

"काका, काऊन घाबरून राह्यले? मले काई झालं नाई."

"माहा भाऊ असाच वाकला व्हता," तो म्हणाला. "तवा माहा हात पुरला नाई."

मी कॉलर सोडवून घेतली नाही. त्याची मूठ आपोआप सैल होईपर्यंत ती तशीच राहू दिली.