ओला म्हणजे काय

दुधाच्या पिशव्यांचा आंबूस वास आला की सातिवलीतली ती सकाळ आठवते. नांदेडहून येऊन मी एका खानावळीत नुकतीच कामाला लागले होते, राहायचीही तिथंच. शाळा लहानपणीच सुटलेली. ओला कचरा म्हणजे भिजलेला, असं समजून धुतलेल्या पिशव्या मी खरकट्यात टाकल्या. घंटागाडीच्या मुकादमानं डबा घेतलाच नाही. "वेगळं करा, नाहीतर दंड." मालक मला म्हणाला, "सामान बांध तुझं." जायचं कुठं? मी रडतच खरकट्यात हात घातला. तेवढ्यात गाडीवरची बाई खाली उतरली. "अगं, मी पण घामानं ओलीच आहे, मला टाकशील का डब्यात? कुजतं ते ओलं," म्हणत तीही पिशव्या वेचू लागली. डबा रिकामा झाला आणि माझं सामान होतं तिथंच राहिलं. आजही घंटा ऐकली की हात तिच्यासाठी चहा गाळू लागतात.